येरोच्या स्टेजवरची रिकामी जागा

अमेरिकेत सियाटलजवळच्या बॉथेलच्या मराठी मंडळात श्रीरंग मोघेची ओळख एवढीच, की माइक शिट्टी मारायला लागला की त्याला हाक मारायची. तो यायचा, एक वायर काढून दुसरी लावायचा आणि कुणी आभार मानायच्या आत मागच्या रांगेत जाऊन बसायचा. बावन्न वर्षांचा, सॉफ्टवेअरमधला, जिना उतरताना कठडा धरणारा हा माणूस एकेकाळी एका रॉक बँडचा गिटारवाला होता, आणि त्या बँडचं एक गाणं आज मनिलातल्या रिक्षावाल्यापासून बिशपपर्यंत सगळ्यांना पाठ आहे, हे मंडळात सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, "अरे वा!" आणि लगेच विचारलं असतं, "पण या वेळी माइकचं बघतोयस ना?" त्यामुळे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. बायकोला सांगितलं होतं, मुलीला सांगितलं होतं. त्यांनाही सगळं नाही.

त्याचं झालं असं. श्रीरंगचे वडील कृष्णाजी मोघे कर्जतला भातावर संशोधन करायचे. शहाऐंशी साली त्यांना फिलिपिन्समधल्या लॉस बान्योस नावाच्या गावात, भाताच्याच एका मोठ्या संस्थेत नोकरी लागली. आईनं, म्हणजे रत्नाबाईंनी, कुकर, पोळपाट आणि गोडा मसाला बांधून घेतला, चौदा वर्षांच्या श्रीरंगला बरोबर घेतलं, आणि मोघे कुटुंब एका भातातून उठून दुसऱ्या भातात जाऊन बसलं. शाळेत श्रीरंगला तिघं भेटले. बोयेट गायचा, रामिल बेस वाजवायचा आणि जुन ड्रम. जुनच्या मामाचं वेल्डिंगचं दुकान होतं, तिथे तालमी चालायच्या. दुकानावर पत्रा होता. पाऊस आला की आपण काय वाजवतोय ते आपल्यालाच ऐकू यायचं नाही, मग चौघं हात आवरून थांबून राहायचे. पत्र्याला तिकडे येरो म्हणतात. बँडचं नाव तेच ठेवलं, कारण त्या दुकानात त्यांच्यापेक्षा मोठ्यानं वाजणारी ती एकच वस्तू होती.

तिघं त्याला रंग म्हणायचे. त्यातही जुन त्याचा जरा जास्तच होता. रंगला तालमीत तीन चमचे साखर घातलेली कॉफी लागायची, आणि एकदा गिटार हातात आली की कॉफी ओठाला लावायची शुद्ध राहायची नाही. कॉफी गार व्हायची. जुन उठायचा, मामाच्या स्टोव्हवर ती परत गरम करून आणायचा. ती परत गार व्हायची. "तू कॉफी पीत नाहीस, मला नुसता व्यायाम देतोस," असं तो म्हणायचा, पण पाचव्यांदाही उठायचा.

नव्वदच्या ऑगस्टमध्ये श्रीरंग शिकायला अमेरिकेत आला. कृष्णाजींचं म्हणणं साधं होतं: गिटार कुठे पळून जात नाही, आधी पोटापाण्याचं बघ. विमानतळावर तिघंही सोडायला आले होते. "नाताळला येतो," श्रीरंग म्हणाला. "तोवर माझ्या जागी कुणाला घेऊ नका." जुन म्हणाला, "नाही घेणार."

नाताळच्या आधीच कृष्णाजींचं तिथलं काम संपलं आणि आईवडील कर्जतला परतले. लॉस बान्योसमध्ये आता घर नव्हतं, इकडे परीक्षा होत्या, कारणांना तोटा नव्हता. जुनची पत्रं मात्र यायची. दीड वर्षात अकरा आली. पहिल्याला उत्तर द्यायला उशीर झाला, मग उशीर का झाला ते काय लिहायचं, या विचारात दुसऱ्याला झाला, आणि पाच-सहा पत्रांनंतर तर पाकीट फोडायचीच भीती वाटायला लागली. लाज ही ताकासारखी असते, जितकी ठेवाल तितकी आंबते. अकरावं पत्र त्यानं फोडलंच नाही, गिटारच्या पेटीतल्या कप्प्यात सरकवून दिलं. त्यानंतर पत्रं बंद झाली, आणि खोटं कशाला सांगा, त्याला सुटल्यासारखं वाटलं.

पुढे दोन वर्षांनी सियाटलच्या दक्षिणेला एका फिलिपिनो दुकानात तो तांदूळ घ्यायला गेला होता. भातानं काही जन्मभर त्याचा पिच्छा सोडला नाही. काउंटरवर कॅसेट लागली होती. सुरुवातीला गिटारचे चार स्वर, जरा थांबून परत तेच चार. ते त्याचे होते. पाऊस थांबायची वाट बघताना पत्र्याखाली त्यानं उगाच छेडलेले. आता ते बोयेट वाजवत होता, तिसरा स्वर किंचित चुकवत. मग बोयेटचा आवाज आला: कॉफी गार झाली, मी परत तापवतो, तू येशील तेव्हा ये, दार नुसतं लोटलेलं आहे. श्रीरंग तांदळाच्या पोत्याला धरून उभा राहिला. दुकानातली बाई विचारायला आली, बरं वाटत नाही का म्हणून.

त्या एका गाण्यानं येरोला कुठल्या कुठे नेलं. ते लग्नात वाजायला लागलं, परदेशी कामाला निघालेल्या पोराला निरोप देताना वाजायला लागलं, मयताच्या घरीही वाजायला लागलं. दुसऱ्या कॅसेटला स्टेडियम भरलं. तिसरीत त्यांनी मोठ्या लोकांना नावं ठेवली आणि रेडिओनं वर्षभर त्यांना वाळीत टाकलं, त्यानं तर ते आणखीच मोठे झाले. नव्व्याण्णवमध्ये बोयेटचं आणि रामिलचं बिनसलं, बँड फुटला. दहा वर्षांनी रामिलची आई गेली, तिच्या उशाशी दोघं रडले आणि बँड परत जमला. तिकडे आज जे पोर पहिल्यांदा गिटार हातात घेतं, ते आधी ते चार स्वर शिकतं, आणि तिसरा स्वर बोयेटसारखाच चुकीचा वाजवतं.

श्रीरंगनं हे सगळं बॉथेलच्या घरात बसून पाहिलं. आधी कॅसेटी, मग सीडी, मग फोनवरचे व्हिडिओ. आणि प्रत्येक व्हिडिओत एक गोष्ट हमखास असायची. स्टेजच्या डाव्या बाजूला एक माइक, एक स्टूल, स्टुलावर एक कप. तिथे कुणी उभं राहायचं नाही. वीस हजार लोक असोत नाहीतर दोनशे, ती जागा रिकामी. चाहत्यांनी तिच्यावर डझनभर तर्क लढवले होते, बँडनं कधी तोंड उघडलं नाही. पण श्रीरंगला कुणी सांगायची गरज नव्हती. डावी बाजू त्याची होती, कपात कॉफी असणार हे तो जाणत होता. लहानपणी वडिलांना शेतावरून यायला उशीर झाला की रत्नाबाई त्यांचं ताट वाढून झाकून ठेवायच्या. हे तसंच झाकून ठेवलेलं ताट आहे, असं त्यानं मनाशी धरलं. ऑफिसात बढती हुकली, वडील गेले, मंडळात कुणी विचारलं नाही, तरी कुठेतरी आपलं ताट झाकून ठेवलेलं आहे, एवढ्यावर हा माणूस तीस वर्षं तग धरून होता. मग गेला का नाही? त्याचं उत्तर त्या आंबलेल्या ताकात आहे.

एप्रिलमध्ये ऋताचा मेसेज आला. ऋता त्याची मुलगी, सियाटलमध्येच एका बायोटेक कंपनीत होती. पाठोपाठ फोन. "बाबा, युअर बँड इज कमिंग. हिअर! इट्स देअर फेअरवेल टूर, अँड द फर्स्ट शो इज इन सियाटल. आय गॉट अस टू टिकेट्स."

श्रीरंगनं कपाटातून गिटार काढली, नव्या तारा चढवल्या आणि महिनाभर रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये बसला. बोटांच्या टोकांची सालं गेली, मग तिथे घट्टे पडले. बायको, पद्मजा, दारातून डोकावून म्हणायची, "श्री, एवढी प्रॅक्टिस लग्नात फोटो काढायला उभं राहायची केली असतीस, तर अल्बम तरी बरा आला असता." पण ज्या रविवारी कार्यक्रम होता, त्या दिवशी तिनं न बोलता त्याच्या हातावर दही ठेवलं. परीक्षेला निघालेल्या मुलाला ठेवतात तसं. त्यानं ते चाटून घेतलं.

"त्यांना कळवलंयस का, तू येतोयस ते?"

"नाही. सरप्राइज."

"चौतीस वर्षांनी सरप्राइज देऊ नये रे माणसांना," ती म्हणाली, पण तोवर ऋतानं गाडी सुरू केली होती.

कार्यक्रम दुपारी दोनला होता, एका हायस्कूलच्या जिममध्ये. फेअरवेल टूर म्हणून कुणाच्या डोळ्यांपुढे काय येईल ते येवो, इथे बास्केटबॉलच्या रिंगखाली स्टेज बांधलं होतं, घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि दाराशी फिलिपिनो मावश्या मोठमोठ्या ट्रेमधून नूडल्स वाढत होत्या. श्रीरंग एक तास आधीच आला. ऋताला खुर्च्यांवर बसवून गिटारची पेटी घेऊन तो बाजूच्या दारानं आत शिरला. माइकवाल्यासारखा दिसत असल्यामुळे त्याला कुणी अडवलं नाही.

स्टेजवर कुणी नव्हतं. डावीकडे माइक होता, स्टूल होतं. स्टुलावर कप होता. तो पायऱ्या चढून जवळ गेला. कपात काळी कॉफी होती, बरोबर. कपाच्या शेजारी एक छोटी ताटली होती, जी फोनच्या पडद्यावर कधी दिसलीच नव्हती. ताटलीत भाताची मूद, एक सोललेलं उकडलेलं अंडं आणि एक सिगरेट.

ते ताट त्यानं पूर्वी एकदा पाहिलं होतं. जुनचे आजोबा गेले, तेव्हा त्यांच्या फोटोसमोर आजीनं अगदी असंच मांडलं होतं. भात, अंडं, सिगरेट, कॉफी. जुनची आजी उत्तरेकडची, त्यांच्यात गेलेल्या माणसाला असं वाढतात. सोळा वर्षांच्या श्रीरंगनं तेव्हा विचारलंही होतं, आणि जुननं सांगितलं होतं, "तो खातो म्हणे. आम्ही बघत नसताना." आईबरोबर हाच विषय निघाला तेव्हा ती म्हणाली होती, आपल्याकडे पिंडाला कावळा शिवावा लागतो, तसंच हे.

म्हणजे हे झाकून ठेवलेलं ताट नव्हतं. श्रीरंगच्या हातातली पेटी जड झाली, ती त्यानं खाली ठेवली. बायकोनं हातावर ठेवलेल्या दह्याची चव अजून त्याच्या तोंडात होती.

"हे मरिया," मागून कुणीतरी म्हणालं.

बोयेट होता. केस पांढरे, पोट सुटलेलं, पण तोच. तो पडद्याला धरून उभा होता आणि त्यानं छातीवर क्रुसाची खूण केली. भूत दिसल्यावर माणूस जे करेल ते सगळं त्यानं केलं, फक्त पळाला नाही. मग पुढे होऊन श्रीरंगला मिठी मारली, आणि मिठी सोडायच्या आधीच त्याच्या कानाशी त्यांच्या तागालोग भाषेत कुजबुजला, "बाहेर चल. लगेच. जुन येईल."

श्रीरंगनं पेटी उचलली आणि त्याच्या मागून निघाला. बाजूच्या दाराबाहेर शाळेच्या बसेस लागायची जागा होती. झिमझिम चालू होती, इथे चालूच असते. दोघं छपराखाली उभे राहिले.

"मी मेलोय का रे?" श्रीरंगनं विचारलं. एवढ्या वर्षांनी तागालोग तोंडात आली ती या प्रश्नासाठी.

बोयेट खाली मान घालून म्हणाला, "ब्याण्णव सालापासून."

मग त्यानं सांगितलं. कॅसेट कंपनीनं त्यांना बोलावलं होतं. गिटारवाला पाहिजे, नाहीतर बोयेटनं गिटार घ्यावी, असं त्यांचं म्हणणं. जुन ऐकेना. रंग येणार म्हणालाय, त्याची जागा द्यायची नाही. दोन नाताळ गेले तरी तेच. कंपनीनं आठ दिवसांची मुदत दिली. "तुझं उत्तर येईना. जुन रोज पोस्टात जायचा. मी एकवीस वर्षांचा होतो, रंग. मी त्याला सांगितलं की लॉस बान्योसला संस्थेत फोन आला होता, अमेरिकेत बर्फात गाडी घसरली, रंग गेला. मला वाटलं, चार दिवस रडेल आणि सुटेल. तो तीन दिवस जेवला नाही. चौथ्या दिवशी त्यानं ते गाणं लिहून आणलं."

"जुननं लिहिलं?"

"मी कधी काही लिहिलंय का? त्यानंच लिहिलं. मग सांगू कसं? गाणं लागलं, आणि मग तर सांगायची सोयच राहिली नाही. प्रत्येक कार्यक्रमाला तो स्वतःच्या हातानं तुझं ताट वाढतो. रामिललाही मी दहा वर्षांपूर्वी सांगितलं, तेव्हा त्यानं माझ्या थोबाडीत मारली."

श्रीरंगला राग यायला हवा होता. तो शोधायला गेला तर आत सापडली ती अकरा पाकिटं. राग करायला माणसाकडे स्वतःचं काहीतरी धड असावं लागतं.

"मी आता त्याला भेटतो," तो म्हणाला. "पाया पडतो त्याच्या. सगळी चूक माझी म्हणून सांगतो. तुझं नाव घेत नाही."

"रंग, ऐक." बोयेटनं त्याचे दोन्ही दंड धरले. "साखरेनं त्याचे डोळे गेलेत. मूत्रपिंडं गेली. काल सकाळी विमानतळावरून आम्ही आधी डायलिसिसला गेलो. डॉक्टर म्हणतात, नाताळ बघितला तर खूप. त्याच्या बायकोचं रडणं थांबत नाही, आम्हाला झोप लागत नाही, आणि तो एकटा मजेत आहे. माहितीये काय म्हणतो? म्हणतो, मला कसली भीती, तिकडे रंग आधीच जाऊन बसलाय, माझी वाट बघतोय. बत्तीस वर्षं मी त्याला एक खोटं सांगितलं, त्यातली एवढी एकच गोष्ट त्याच्या उपयोगाची निघाली. ती तू काढून घेणार आहेस का?"

श्रीरंगची नजर दाराकडे गेली.

"घ्यायची तर घे. तुझा हक्क आहे. मी दार अडवणार नाही." असं म्हणून बोयेट दारातून बाजूला झाला, आणि आत निघून गेला.

श्रीरंगनं गिटारची पेटी गाडीपाशी नेली. ती डिकीत ठेवण्याआधी त्यानं कप्प्यात हात घातला आणि अकरावं पत्र काढलं. पाकीट पिवळं पडलं होतं, गोंद आपोआपच सुटला होता. आत चारच ओळी होत्या. कंपनीनं बोलावलंय. मी सांगितलं, रंगशिवाय नाही. तुला जमणार नसेल तर तसं लिही, मी अजिबात रागावणार नाही, दुसरा कुणी घेऊ. पण हो किंवा नाही, एक शब्द लिही, म्हणजे मला पोस्टात जायला नको.

एक शब्द. श्रीरंग डिकीच्या कडेवर बसला आणि ढसाढसा रडला. पावसात भिजत बसलेल्या माणसाकडे नूडल्स घेऊन जाणारी दोन मुलं बघत गेली.

तो आत आला तेव्हा खुर्च्या भरल्या होत्या. ऋतानं त्याचं तोंड पाहिलं, रिकामे हात पाहिले. "व्हॉट हॅपन्ड? बाबा, व्हेअर्स युअर गिटार?" त्यानं तिला थोडक्यात सांगितलं. तिनं तोंडावर हात घेतला. "नो. नो, यू हॅव टू टेल हिम. ही डिझर्व्ह्ज टु नो." श्रीरंग म्हणाला, "मलाही तसंच वाटतंय गं," आणि स्टेजकडे वळला. रामिल जुनला हाताला धरून आणत होता.

जुन वाळून काडी झाला होता. काळा चष्मा, डाव्या हातावर सुयांच्या गाठी. आल्या आल्या तो ड्रमकडे न जाता हातानं चाचपत डावीकडच्या स्टुलापाशी गेला, कप नीट जागेवर आहे ना पाहिलं, त्याला बोट लावून बघितलं आणि मान हलवली. गार झाली, असं असावं. मग ड्रममागे जाऊन बसला. आणि बसल्यावर मात्र तोच सोळा वर्षांचा जुन. पत्र्यावर पाऊस पडावा तसं वाजवायचा तो, अजूनही तसंच वाजवत होता.

शेवटचं गाणं कुठलं असणार हे सगळ्यांना माहीत होतं. बोयेटनं ते चार स्वर काढले. जिममधले सातशे लोक उभे राहिले. आज्या उभ्या राहिल्या, कडेवर पोरं घेतलेल्या आया उभ्या राहिल्या. कॉफी गार झाली, मी परत तापवतो. बोयेटला गावंच लागलं नाही, लोकच गात होते. तिसरा स्वर चुकत होता. श्रीरंगची डाव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप बरोबर जागी पडत होती. पंधरा पावलांवर त्याचा माइक होता, सुरू होता, वर लाल दिवा दिसत होता. पंधरा पावलं चालायची आणि म्हणायचं, जुन, मी आलो. सबंध आयुष्यात त्याला याहून जास्त काही हवंसं वाटलं नव्हतं. त्यानं एक पाऊल टाकलंही. ऋतानं त्याला रस्ता करून दिला.

तेवढ्यात त्याला जुनचा चेहरा दिसला. जुन डावीकडे तोंड करून वाजवत होता, रिकाम्या जागेकडे, आणि हसत होता. ज्याला समोर कुणीतरी दिसतंय तो जसा हसेल, तसा. श्रीरंग जागच्या जागी थांबला. सातशे लोक त्याच्यासाठी रडत गात होते, त्यांच्यात त्यानंही तोंड उघडलं आणि स्वतःच्या नावानं गायला.

कार्यक्रम संपला. खुर्च्यांच्या घड्या घालायला सुरुवात झाली. श्रीरंगला निघवेना आणि पुढे जाववेना, तो स्टेजच्या कडेला नुसता उभा राहिला. जुनला रामिलनं पायऱ्यांखाली एका खुर्चीत आणून बसवलं होतं आणि त्याच्या मांडीवर ती ताटली न् कप दिला होता. पावलांची चाहूल लागून जुननं मान वर केली.

"कोण आहे? जरा इकडे या," तो इंग्रजीत म्हणाला. "हे टाकायचं नसतं. दर वेळी मी कुणालातरी देतो. खाल का?"

स्टेजवर बोयेट वायर गुंडाळत होता, तो थांबला. ऋतानं बापाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं, की आता तरी बोला. श्रीरंगनं नकारार्थी मान हलवली. त्याचा आवाज जुननं हजार तालमींत ऐकला होता, एक शब्द पुरला असता.

"इट्स माय डॅड," ऋता म्हणाली. तिचा आवाज फुटत होता. "ही... ही लॉस्ट हिज व्हॉइस टुडे. सिंगिंग. ही'ल ईट इट."

श्रीरंगनं दोन्ही हात पुढे केले. ताटली देताना जुनची बोटं त्याच्या डाव्या हाताच्या टोकांना लागली. ताजे, कडक घट्टे. जुन क्षणभर तिथेच थांबला.

"गिटार वाजवता?"

"ही यूज्ड टू," ऋता म्हणाली.

"मग बरोबर माणसाला मिळालं. गिटारवाल्याचंच आहे हे."

श्रीरंग तिथेच पायरीवर बसला आणि जेवला. भात गार आणि टणक झाला होता. वडील गेले तेव्हा कर्जतला नदीकाठी दहाव्याला तासभर कावळा शिवत नव्हता, सगळे उन्हात तिष्ठत उभे होते, कुणाची इच्छा राहिली, काय राहिलं म्हणून एकमेकांची तोंडं बघत. इथे पिंड त्याचाच होता आणि कावळाही तोच. त्यानं शीतन् शीत संपवलं, अंडं खाल्लं, सिगरेट खिशात ठेवली. मग कप तोंडाला लावला. तीन चमचे साखर. जुन ते विसरला नव्हता. एका दमात त्यानं कॉफी संपवली आणि कप ताटलीत ठेवला.

तो आवाज जुननं ऐकला. "कॉफीपण प्यायलात?"

"ऑल ऑफ इट," ऋता म्हणाली.

जुन किती वेळ हसतच राहिला. "बत्तीस वर्षं झाली. लोक भात खातात, अंडं खातात, पण गार कॉफी कुणी पीत नाही. ती मलाच ओतून टाकावी लागते." मग त्यानं चाचपत कप उचलला, खुर्चीच्या हातावर भार देऊन उठायला लागला आणि जुन्या सवयीनं विचारलं, "अजून आणू? गरम करून?"

श्रीरंगनं नाही म्हणून मान हलवली. ते जुनला कुठून दिसणार. तो कप हातात घेऊन तसाच उभा राहिला, उत्तराची वाट बघत.